ठेकेदाराला दवाखान्यात नेलं, आपा

आपा, तू गेलीस हे मला अजून पटलेलं नाही, आणि तुझ्या मांजराला तर मुळीच पटलेलं नाही. आज बारावा दिवस. सकाळी दूध वर येऊ लागलं की मी अजून दाराकडं बघते, कारण नेमकं तेव्हाच तू समोरच्या दारातून ओरडायचीस, "मंगल, दूध!" तुला कसं कळायचं देव जाणे. या बारा दिवसांत तीनदा दूध उतू गेलं. आमच्या यांनी गुपचूप फडकं घेऊन ओटा पुसला. सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसानं ओटा पुसल्याचं मला आठवत नाही. यावरून समज, माझं तोंड कसं झालं असेल.

बिल्डिंगमधल्या बायका येऊन बसतात. शमीमआपा किती हसरी, किती कष्टाळू, नवरा गेल्यावर गाड्यांची सीटकव्हरं शिवून शिवून लेकीचं लग्न लावलं, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी मान डोलावते. सगळं खरं आहे, पण मला ते ऐकायचंच नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आपण नऊ दिवस एकमेकींशी बोललो नव्हतो आणि दहाव्या दिवशी तू बसल्या जागी गेलीस. असं कुणी करतं का गं? भांडण अर्ध्यात टाकून?

बरं, आधी ठेकेदाराचं सांगते. तुझा जीव त्याच्यातच अडकला असणार, माझ्यात कशाला अडकेल.

मेल्याला हे नाव मीच दिलं होतं. तुम्ही त्याला बाळ म्हणायचात. थोराड बोका, अर्धी शेपूट, फाटका कान, दिवसभर शिलाईमशीनवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर गुरगुरायचं, हा कसला बाळ? मी म्हटलं, आपा, स्वतः काडीचं काम करत नाही आणि सगळ्यांवर डाफरतो, हा आमच्या कंपनीतला ठेकेदार आहे. तू इतकी हसलीस की सुईत बोट घातलंस. तेव्हापासून तो ठेकेदार.

त्याच्या रागाचं कारण मला तूच सांगितलंस. तुझ्या मालकांना तो गॅरेजमध्ये सापडला होता, एका टेम्पोच्या बॉनेटखाली, इंजिनाला चिकटून, शेपूट भाजलेली. "तवापास्नं इंजान वाजलं की त्याचं काळीज फाटतंय," तू म्हणायचीस. "रागीट न्हाई गं तो. भ्यालेला हाय. भ्यालेला जीव आधी चावून घेतो." मालक गेले आणि मग तो फक्त तुझा झाला. रुबीना, तुझी पोटची पोर, सोलापूरहून माहेरपणाला आली की तिलासुद्धा ओरबाडायचा. आणि माझ्यावर तर त्यानं डूखच धरला होता. मी दारात दिसले की अंग फुगवून, कान पाडून, थेट पायावर. माझ्या डाव्या पोटरीवर त्याच्या नख्यांचं अख्खं पाढ्याचं पुस्तक आहे.

आणि तरी दर तीन महिन्यांनी त्याला जनावरांच्या दवाखान्यात न्यायला तुला मीच लागायचे.

पहिल्या खेपेला आपण काय केलं, आठवतं? दोघी शहाण्या! बटाट्याचं पोतं. तू पोत्याचं तोंड धरलंस, मी कंपनीतून आणलेले चामड्याचे हँडग्लोज घातले, तेच, वेल्डिंगवाले टाकून देतात ते, आणि त्याला मानेला धरून आत कोंबला. रिक्षात बसलो. रिक्षा सुरू झाली आणि पोतं असं काही उडायला लागलं की रिक्षावाला म्हणाला, "ताई, आत काय हाय, कोंबडा का?" कासारवाडी स्टेशनच्या आधीच त्यानं आपल्याला उतरवलं. दवाखान्यात पोतं सोडलं तर हा बाण सुटल्यासारखा भिंतीवर, तिथून कपाटावर, तिथून डॉक्टरीणबाईंच्या डोक्यावर. पोरगेलीच होती बिचारी, नवीनच. तरी रागावली नाही. त्याच्या कागदावर लाल पेनानं 'सावकाश' एवढंच लिहिलं. तू घरी येऊन रडलीस. "त्यानं माझ्यावर भरवसा ठेवला आन् मी त्याला पोत्यात घातला," म्हणालीस. मी म्हटलं, मांजरासाठी काय रडतेस. मला तेव्हा खरंच कळलं नव्हतं.

मग तू शिकलीस. त्या डॉक्टरीणबाईला फोन करकरून शिकलीस, माझं डोकं खाऊन शिकलीस. प्लॅस्टिकची पेटी घेतलीस, ती माळ्यावर न ठेवता वर्षभर घरात उघडी ठेवलीस, आत तुझी जुनी ओढणी. पेटी दिसली म्हणजे दवाखाना, हे त्याच्या मनातून जायला पाहिजे म्हणून. न्यायच्या दिवशी दोन तास आधी भीती कमी करायची गोळी चुरून खिम्यात. मग घरातली लपायची एकेक जागा बंद करायची. कॉटखाली गोधड्या, कपाटावर डबे, मशीनमागं पाट. "धरायचाच न्हाई त्याला," तू म्हणायचीस. "लपायला एकच अंधारी जागा ठेवायची. आपल्या पायानं जातोय बघ." आणि जायचा की. दहा मिनिटं, वीस मिनिटं, पण जायचा. तरी दार लावताना, टेबलावर ठेवताना हात लावायची वेळ आली की हँडग्लोज घालून मी पुढं. चावायचं ते मला चावू दे, तुझ्या हातावर पोट आहे, असं मीच म्हटलं होतं. त्याचा मला मोठेपणा वाटायचा.

रिक्षा तर बंदच. तू पेटीच्या दोन्ही अंगांना सीटकव्हरचे जाड पट्टे शिवलेस, एक तुझ्या खांद्याला, एक माझ्या. सकाळी सकाळी, कुत्री यायच्या आत, पहिला नंबर. वीस मिनिटं चालत, गाड्या चुकवत, पेटीवर तुझी चादर. रस्त्यानं लोक बघायचे, या दोघी पहाटेच कुणाला पालखीत घालून चालल्यात. तू चालता चालता त्याच्याशी बोलायचीस आणि मी तुझ्याशी. आता सांगते, आपा, मला ते चालणं आवडायचं. कंपनीत आठ तास मापाचं गेज हातात धरून मशीनवरून आलेले लोखंडी जॉब तपासायचे, घरी आलं की भाकऱ्या. त्यात दर तीन महिन्यांनी ही वीस मिनिटं होती, फक्त आपली. तुला कधी म्हटलं नाही. मांजराच्या नावानं शिव्या घालतच यायचे.

मग तो रविवार. माझी पहिली शिफ्ट होती, रविवारीसुद्धा ओव्हरटाइमला बोलावलं होतं. चारला आले ती घरी न जाता सरळ तुझ्याकडं, चहाला, नेहमीसारखी. तुझ्याकडं पाहुणे होते, रुबीनाच्या सासरचे. तू दारातच आडवी आलीस आणि म्हणालीस, "मंगल, आंघुळ करून, कापडं बदलून ये गं. कंपनीचा वास येतोय तुझ्या अंगाला."

त्यांच्यासमोर. अगं, कानशिलं तापली माझी! अकरा वर्षं मी त्याच कपड्यांनी येऊन तुझ्या कॉटवर बसतेय. तुझ्या ताटातलं खाल्लंय, माझ्या ताटातलं तुला दिलंय. गावाकडं आमच्या घरी यावरून किती बोलणी खाल्ली ते तुला माहीत आहे. आणि तुला माझा वास येतो? मी म्हटलं, "तुमच्या घरात वास चालत नसंल तर नाही येत बाई." तुमच्या म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा तुला तुम्ही केलं. तुझं तोंड एवढंसं झालं. तू काहीतरी बोलणार होतीस, पण मी दार आपटलं.

चौथ्या दिवशी तू वाटीभर शेवया पाठवल्यास. मी त्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. आणि वाटी घासून, पुसून, रिकामी तुझ्या दाराशी ठेवून आले. आपल्या दोघींच्या दारांत कधी भांडं रिकामं गेलं नव्हतं, चिमूटभर साखर का होईना. ती वाटी उचलताना तुला काय वाटलं असेल, हे मला तेव्हा बरोब्बर ठाऊक होतं. म्हणूनच ठेवली.

आता पुढचं सांगायचंय ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही. रुबीनाला नाही, यांना नाही.

तू गेलीस त्या बुधवारी मी सेकंड शिफ्टला होते, म्हणजे सकाळी घरीच. साडेनऊच्या सुमाराला ठेकेदार ओरडायला लागला. नेहमीचं गुरगुरणं नाही. लहान लेकरू टाहो फोडतं तसं, लांब, थांबून थांबून. तसा आवाज मी त्याच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. काहीतरी बिनसलंय, हे मला कळलं. शप्पत सांगते, कळलं होतं. मी पदराला हात पुसून दारापर्यंत आले. आणि मनात म्हटलं, आज मी गेले तर मीच नमले असं होईल. बोलवायचं असेल तर ती येईल. मी परत फिरले आणि मिक्सर लावला. चटणी करायची नव्हती आपा, भांड्यात नुसतं खोबरं होतं. आवाज ऐकू येऊ नये म्हणून लावला.

अकरा वाजता सीटकव्हरवाला माल न्यायला आला. दार उघडेना म्हणून त्यानं माझी कडी वाजवली. चावी माझ्याकडं असायचीच. उघडलं तर तू मशीनवर डोकं टेकून बसलेली, सुईखाली काळं कव्हर अर्धं शिवलेलं. आणि हा तुझ्या डोक्याशी मशीनवर उभा, अंगाचा झाडू करून, कुणाला जवळ येऊ देईना. मी खुंटीवरचे हँडग्लोज घातले आणि त्याला तुझ्यापासून ओढून काढलं. खालचे डॉक्टर आले, म्हणाले, "जागेवरच गेल्या, कळलंसुद्धा नसेल. लगेच कुणी आलं असतं तरी उपयोग नव्हता." सगळ्या बायकांनी ते माझ्याकडं बघत दोन-दोनदा मला सांगितलं, माझी समजूत म्हणून. त्यांना मिक्सरचं कुठं माहीत आहे.

तुझी माती झाली. तिसऱ्या दिवसाचं झालं. रुबीनाला दोन लहान पोरं, तिला परतणं भाग होतं. जाताना चावी माझ्या हातात ठेवून रडायला लागली, "मावशी, सामान मी महिनाअखेर येऊन नेते. पण याचं काय करू? आमच्याकडं सासूला चालत नाही. खाली सोडून द्यायचं का?" चौदा वर्षांचा, मूत्रपिंडं अधू, दात किडलेले, खाली चार कुत्री. मी म्हटलं, बघते मी काहीतरी. माझ्या तोंडून ते कसं निघालं कोण जाणे.

तुझ्या कॉटखाली भिंतीला लागून बसला होता. वाटीतलं तसंच, दूध तसंच. पहिले दोन दिवस वाटलं शोक करतोय, खाईल. घरात माणसंही होती. मी शिफ्टवरून आले की वाकून बघायचे, तो अंधारातून नुसता हिसहिसायचा. चौथ्या दिवशी त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबताना दिसली. डॉक्टरीणबाईला फोन लावला. तू गेल्याचं सांगायचं धाडस झालं नाही, एवढंच म्हटलं की ठेकेदारानं चार दिवस तोंडात काही घेतलं नाही. ती म्हणाली, "चार दिवस? ताई, मांजराला एवढा उपास झेपत नाही, यकृत जातं. आजच्या आज आणा."

आणि मी काय केलं? जे आपण नेहमी करायचो तेच. कंपनीच्या कपड्यांवरच होते. हँडग्लोज चढवले, कॉटखाली हात घातला. आपा, त्यानं असा काही चावा घेतला की मनगटाजवळ चामडं फोडून दात आत. मी ओरडले, तो ओरडला, पेटी उलटी झाली, तो शिलाईमशीनच्या मागं घुसला आणि तिथंच मुतला. मी जमिनीवर बसून तुला अशा शिव्या घातल्या, तू ऐकल्या असतीस तर कानांवर हात ठेवले असतेस. म्हटलं, तू मेलीस सुटलीस, आणि हे भूत माझ्या गळ्यात घातलंस. मग घाण पुसली, दवाखान्यात जाऊन मनगटासाठी सुई टोचून घेतली, आणि कंपनीत सुट्टी टाकली. डॉक्टरीणबाईला सांगितलं, आज जमलं नाही. ती एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी पहिला नंबर. याच्यापुढं थांबू नका."

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून आंघोळ केली. धुतलेली साडी नेसले. तुझ्या घरी गेले आणि तुझ्यासारखं एकेक केलं. कॉटखाली गोधड्या. कपाटावर डबे. मशीनमागं पाट. खिम्यातली गोळी काही तो खाणार नव्हता, ते डॉक्टरीणबाई म्हणाली राहू द्या. पेटी कोपऱ्यात ठेवली, वर तुझी चादर, तोंड उघडं. दाराकडं पाठ करून बसले आणि भिंतीकडं बघत राहिले. हँडग्लोज घातले नाहीत, मनगट सुजलं होतं, शिरेनातच. तो खोलीत दोन फेऱ्या मारून गेला. माझ्या पाठीमागून गेला. एकदा थांबला. मला वाटलं, आता पाठीवर येतो. मी डोळे मिटून घेतले. त्यानं नुसतं हुंगलं आणि पुढं गेला. थोड्या वेळानं बघितलं तर पेटीत होता.

मला वाटलं, अंगात ताकदच उरली नाही बिचाऱ्याच्या, म्हणून चावला नाही.

पेटीला दोन पट्टे, आणि खांदे माझे दोनच. एक पट्टा अडकवला तर पेटी कलते, आत तो घसरतो. शेवटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालले. वीस मिनिटांचा रस्ता, मी पाच वेळा थांबले. तू त्याच्याशी काय बोलायचीस ते आठवेना. मी आपली त्याला डब्यात काय काय करते ते सांगत राहिले, पिठलं, शेपू, दोडका. पुलाखाली एक टेम्पो आमच्या अगदी जवळ सुरू झाला आणि आतून तो तसाच ओरडला, बुधवारसारखा. मी तिथंच फुटपाथवर पेटी मांडीवर घेऊन बसले आणि चादरीवरून हात फिरवत म्हटलं, आहे, आहे, इथंच आहे मी. रस्त्यावर, लोकांसमोर. मला लाज वाटली नाही.

डॉक्टरीणबाईनं मला बघितलं, मग माझ्या मागं बघितलं. "आज एकट्याच? आपा कुठंयत?" मी सांगितलं. "अहो, पण..." एवढं म्हणून तिनं हातातला पेन खाली ठेवला. मग तिनं पेटीचं वरचं झाकण स्क्रू काढून अलगद उचललं, त्याला खालच्या अर्ध्या भागातच बसू दिलं, नेहमीसारखं. मी दोन पावलं मागं झाले. तो दबून बसला होता. आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, त्याच्या खाली ओढणी नव्हती. माझी साडी होती. हिरवी सुती, फाटली म्हणून दिवाळीत तुला दिली होती, पायपुसणी कर म्हणून. तिचा चौकोन कापून, चारी बाजूंनी दुमडून, नीट टीप मारून तू गादी केली होतीस.

मी म्हटलं, "ही माझी आहे."

ती म्हणाली, "हो, मीच सांगितलं होतं त्यांना. तुम्हाला बोलल्या नाहीत का?" मग तिनं सांगितलं ते असं. तू तीन आठवड्यांपूर्वी एकटीच आली होतीस, मांजर न आणता. पेढे घेऊन. तुझ्या भावानं तुझं मक्केला, उमरा करायला जायचं ठरवलं होतं, पंधरा दिवसांसाठी. तुला एकच घोर, याला कुणाकडं ठेवायचं. तू म्हणालीस, "ठेवायचा तर मंगलकडंच. दुसऱ्या कुणावर माझा जीव ठरत न्हाई. पन तो तिला फाडून खातो, आन् ती पोर अकरा वर्षं मुकाट सोसतीय." डॉक्टरीणबाईनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं. ज्या हँडग्लोजनी आपण त्याला धरायचो, त्यांना कंपनीचा वास. लोखंड कापताना मशीनवर सोडतात त्या तेलपाण्याचा, कूलंटचा. मी शिफ्टवरून यायचे तेव्हा माझ्या अंगाला, केसांना तोच वास. त्याच्या लेखी मी रोज त्याला दवाखान्यात न्यायलाच येत होते. "म्हणून मी म्हटलं, ताईंना काही दिवस आंघोळ करून, कपडे बदलून घरी येऊ द्या. आणि त्यांचं एखादं जुनं कापड याच्या अंथरुणात घाला. सवय होईल."

आपा, मी तिथल्या स्टुलावर बसले. त्या पोरीनं पाणी दिलं तेही हातात तसंच राहिलं. मला एकच दिसत होतं, तू दारात आडवी उभी, आणि तुला पुढं काहीतरी बोलायचं होतं.

दोन दात सडून हिरडीत पू झाला होता, म्हणून खात नव्हता. शोकानं नव्हे. निदान एकट्या शोकानं नव्हे. भूल देऊन काढावे लागतील, म्हातारा आहे, मूत्रपिंडं अधू, धोका आहे, पण नाही काढले तर तसाही जाईल, असं तिनं स्पष्ट सांगितलं. सही कुणाची? मालकाच्या जागी मी आधी तुझं नाव लिहिलं. मग हात थांबला. त्याच्याखाली माझं लिहिलं. बाहेर बाकावर अडीच तास बसले. मी देवाला फार काही मागत नाही हे तुला माहीत आहे, पण त्या दिवशी माझ्या देवाला आणि तुझ्या अल्लाला, दोघांनाही धरून बसले. म्हटलं, एवढा एक ठेवा. मी बुधवारी गेले नाही, पण आज आलेय.

वाचला. सलाईन लावून एक रात्र तिथंच ठेवला. आता माझ्याकडं आतल्या खोलीत आहे. पेटी उघडी, आत हिरवी साडी. हे त्याला बघून लांबूनच नमस्कार करतात. दुसऱ्या दिवशी पातळ केलेल्या खिम्याला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी मी कंपनीतून आले, आधी न्हाणीघरात गेले, केस धुतले, कपडे बदलले, आणि वाटी ठेवून भिंतीकडं तोंड करून बसले. मागं चपचप आवाज आला. मी वळले नाही. तो खात होता, आणि मी पदर तोंडात कोंबून रडत होते, त्याला आवाजानं भीती वाटू नये म्हणून. तू गेल्यापासून मी पहिल्यांदा रडले, आपा. मातीच्या दिवशी डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं, बायका काहीबाही बोलल्या असतील.

राग माझा दुसऱ्याच दिवशी गेला होता. सोमवारी सकाळी दूध वर आलं, तू ओरडली नाहीस, तिथंच गेला होता. बाकीचे आठ दिवस मी नुसती मनधरणीची वाट बघत बसले, सोळा वर्षांच्या पोरीसारखी, पन्नाशीला आलेली बाई. आणि तू पासपोर्टसाठी फोटो काढून, माझ्या साडीची गादी शिवून, मी कधी आंघोळ करून येते याची वाट बघत बसलीस. दोन दारांत चार पावलं नाहीत गं.

तू मला कसं विचारणार होतीस, तेही मला ठाऊक आहे. आधी चहा टाकला असतास. मग रुबीनाचं, मग पाण्याच्या टाकीचं. मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, माझ्याकडं न बघता, "मंगल, एक काम हाय. न्हाई म्हनलीस तरी चालंल." आणि मी लगेच हो थोडीच म्हटलं असतं? आधी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या, पोटरी उघडून दाखवली असती, पंधरा दिवस म्हणजे किती ते बोटांवर मोजलं असतं, तुला चांगलं ताटकळत ठेवलं असतं.

आता तसलं काही करत नाही. तू विचारलंस असं धरते. हो, आपा. ठेव त्याला माझ्याकडं. तू जा निवांत.